नळी नसलेला दस्ता

बंदुकीचा एवढाच शौक असेल तर माणसाने बंदूक घ्यावी, रानात जावं, डुक्कर मारावं. ते जमत नसेल तर गप घरी बसावं. पण दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा अमेरिकन बंदूकवाल्याने स्वतः घडवलेल्या किती बंदुका आज शिल्लक आहेत, हे बहरीनमध्ये एसी लावून, जगभर पत्रं धाडून शोधत बसणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. पहिल्या दिवसापासून मला तो खुळा वाटला, आणि हे मी लपवलं वगैरे नाही. फक्त मराठीत म्हणायचो, म्हणून त्याला कळायचं नाही.

गोरा अमेरिकन. जुफैरच्या नेव्हीच्या तळावर कसल्याशा मशिनरीच्या कंत्राटावर इंजिनियर होता आणि जनाबियाला एका कंपाउंडातल्या व्हिलात एकटा राहायचा. मी तेव्हा एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे कागदावर कपाटं काढायची आणि सुतार कमी पडले की हातात रंधा घ्यायचा. नव्वदीची मधली वर्षं असतील. गोऱ्याने आमच्याकडे छोट्या छोट्या खणांचं एक कपाट करायला टाकलं. ते बसवायला मी गेलो तर म्हणाला, ड्रॉइंग तूच काढलंस का? मी म्हटलं, हो. मग मला आतल्या खोलीत नेऊन टेबलावर फोटोच फोटो पसरले. सगळ्या लांब नळीच्या जुन्या बंदुका. त्या फोटोंवरून त्याच्या पुस्तकासाठी मापात चित्रं काढून हवी होती. शुक्रवारी सुट्टी असायची, सलमानियातल्या खोलीत पडून छत बघण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी हो म्हटलं.

तर त्या कपाटात काय ठेवायचा? कार्डं! एका बंदुकीला एक कार्ड. ज्या बंदुकीच्या नळीवर त्या बंदूकवाल्याची सही कोरलेली आहे तिचं पांढरं. सही नाही, पण काम त्याच्यासारखं वाटतं तिचं पिवळं. आणि घरचे म्हणतात म्हणून त्याची, बाकी पुरावा शून्य, तिचं निळं. दर शुक्रवारी हा शहाणा कार्डं खाली-वर करायचा. पिवळ्यातली पांढऱ्यात, पिवळ्यातली परत निळ्यात. हातात उभ्या जन्मात पटाशी धरलेली नाही, आणि कोणत्या कारागिराचा हात कसा फिरला ते मला सांगणार. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती हाकायच्या!

मला राग यायला आणखी एक कारण होतं. माझे बाबा रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात ठासणीच्या बंदुकांचे दस्ते, म्हणजे नळीखालचं, खांद्याला टेकवायचं लाकूड, करायचे. नळीत दारू आणि छर्रे वरून गजाने ठासायचे, ती बंदूक. कोकणात डुकरं भात खातात, त्यामुळे वाडीत परवान्याची एखादी बंदूक असायचीच, आणि तिचं लाकूड फुटलं की ती बाबांकडे यायची. बाबांना सही करता येत नव्हती, आणि येत असती तरी त्यांनी केली नसती. चूल सारवणारी बाई चुलीवर सही करते का? अशा माणसाच्या मुलाला हा गोरा विचारतो, "दस्ता म्हणजे काय ते तुला माहीत आहे का?" मी म्हटलं, "थोडं थोडं, साहेब."

एकदा तर माझं डोकंच फिरलं. त्याने एक पिवळं कार्ड मोठ्या थाटात काढलं. म्हणाला, या बंदुकीच्या दस्त्यावरची वेलबुट्टी बघ, हुबेहूब आपल्या माणसाची. आपल्या माणसाची म्हणे! जसा काही त्याचा मामा. मी फोटो बघितला आणि म्हटलं, "साहेब, हे डावखुऱ्याचं काम आहे. तुमचा माणूस उजवा." वेलीच्या वळणावर पटाशी कुठून शिरली आणि कुठे थांबली, ते आंधळ्यालाही कळलं असतं. त्यावर त्याने काय करावं? मालकाला पत्र टाकलं, की बाजूने उजेड पाडून जवळून फोटो काढा आणि पाठवा. दोन महिने वाट बघितली. फोटो आला. भिंग लावून अर्धा तास बघितला आणि मग मान हलवून ते कार्ड बाजूला काढून टाकलं.

"मी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की," मी म्हटलं. "माझ्या शब्दाला काही किंमत नाही?"

"तुझा शब्द बरोबरच होता," तो म्हणाला. "पण मला तो दुसऱ्याला दाखवता यायला हवा."

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर! आमच्यात श्राद्ध नसतं, पण म्हण आमच्याकडेही चालते. मी खोलीवर येऊन माझ्या पार्टनरला सांगितलं. तो वसईचा, आमच्या शेजारच्याच मोठ्या हॉस्पिटलात लॅबमध्ये कामाला. तो भात ढवळता ढवळता म्हणाला, "अरे, आमच्याकडे पण असंच असतं. पेशंटच्या तोंडाकडे बघून कळतं कावीळ आहे, तरी रक्त काढावंच लागतं." मी म्हटलं, तू पण त्याच्यातलाच. तो हसला आणि म्हणाला, खलास, जेवायला बस.

आता मुद्द्याची गोष्ट. गोऱ्याकडे पुरी बंदूक एकही नव्हती. होता फक्त एक दस्ता. नळी नाही, चाप नाही, घोडा नाही, नुसतं लाकूड. मेपलचं, वाघाच्या अंगावर असतात तसे आडवे पट्टे असलेलं, बाजूला गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या ठेवायला पितळी झाकणाचा एक खण. नळी नाही म्हणून सहीसुद्धा नाही, आणि म्हणून त्याचं कार्ड निळं. हा दस्ता त्याच्या आईच्या माहेरचा होता. आई नव्वदीला टेकलेली. तिच्या लहानपणापासून तिचं म्हणणं, की हा त्या बंदूकवाल्याच्या हातचा. तिच्या भावांनी तिला जन्मभर हसून घेतलं. ते सगळे गेले, ही राहिली. गोऱ्याने मला एकदा सरळ सांगितलं, "ही सगळी कार्डं मी त्या एका कार्डासाठी मांडलीत. ती जिवंत आहे तोवर तिला फोन करून सांगायचंय की आई, तुझंच खरं होतं."

मी मनात म्हटलं, मग सांग ना! म्हातारीला काय कार्डाचा रंग दिसणार आहे? दोन शब्द खोटे बोललास तर आभाळ कोसळणार आहे? पण नाही. या माणसाला आईशी बोलायलाही पुरावा लागत होता.

नळी बसते त्या लांब खाचेला आम्ही पन्हळ म्हणतो. त्या दस्त्याच्या पन्हळीत काळा, दगडासारखा कडक मळ बसलेला होता. जुनी दारू, चरबी, धूर, शंभर-दीडशे वर्षांचा कचरा. गोऱ्याचं म्हणणं, काही कारागीर नळी बसवायच्या आधी पन्हळीत टोच्याने आपलं नाव ओढायचे, तर मळाखाली काही असू शकतं. सुट्टीत तो दस्ता अमेरिकेला घरी न्यायचा होता. तिकडे एका म्युझियममध्ये कुणी जाणकार होता, तो कापसाने, औषधाने तीळतीळ मळ काढणार होता. हे सगळं गोऱ्याने मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याचं व्याख्यान सुरू झालं की मी खिडकीबाहेर बघायचो.

त्या उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा आणि आतला एसी, यात तो दस्ता मुठीपाशी तडकला. गोरा हवालदिल झाला. दस्ता चादरीत गुंडाळून, गाडीत मांडीवर घेऊन माझ्याकडे वर्कशॉपला आला. "फक्त तडा जोड," तो म्हणाला. "बाकी कशालाही हात लावू नकोस. कशालाही नाही." मी म्हटलं, "इंशाल्ला, साहेब, फिकीर नॉट."

तडा मी असा जोडला, की आजही कुणाला शोधून सापडणार नाही. सरस तड्यात सुरीच्या पात्याने भरला, दोरीने आवळला, दोन दिवस सावलीत ठेवला. तिसऱ्या दिवशी दोरी सोडली, दस्ता बाकावर आडवा ठेवला आणि बघतो तर काय, पन्हळीत ती घाण! बाबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की बंदूक दुरुस्तीला आली की पन्हळ आतून साफ केल्याशिवाय परत जायची नाही. पन्हळीत जुनी दारू राहिली तर ती दमट होते आणि नळी खाते, नळी पातळ होते, आणि एक दिवस माणसाच्या तोंडावर फुटते. घाण पन्हळ परत देणारा मिस्त्री म्हणजे माणूस मारणारा मिस्त्री. बाबा फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडायचे, मग उंडीचं तेल पुसायचे. मला रंधा धरता येत नव्हता तेव्हापासून काच धरता येत होती.

आणि खरं सांगायचं तर मला गोऱ्याला दाखवायचं होतं. कार्डं बघणारा म्हणजे कारागीर नव्हे, खरा कारागीर कसा असतो ते बघ म्हटलं.

मी काच फोडली आणि बसलो. मळ कोळशासारखा सुटत होता, हाताला गोड वाटत होतं. मागच्या टोकाकडे, जिथे नळीचं बूड टेकतं, तिथे मळाखाली काही ओरखडे दिसले. तीन-चार. मला वाटलं, कुणीतरी अडाण्याने सुरीने खरवडायचा प्रयत्न केलेला दिसतोय. काच दोनदा ओढली आणि ते गेले. खालचं लाकूड मधासारखं पिवळं निघालं. अळशीचं तेल लावलं, तर काय ते लखलखलं! माझं मलाच कौतुक वाटलं.

ज्या दस्त्याला नळीच नाही, त्यातली कोणती नळी गंजणार होती? हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. हात बाबांचे, डोकं कुणाचंच नाही.

शुक्रवारी दस्ता घेऊन जनाबियाला गेलो. चादर सोडली. गोऱ्याने तडा बघितला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "वंडरफुल." मग दस्ता उलटा केला. मी आजवर बरीच माणसं रागावलेली बघितलीत. हा रागावला नाही. तो टॉर्च घेऊन आला आणि पन्हळीत मागपासून पुढपर्यंत उजेड फिरवत गेला. मग पुढून मागे. मग हळू आवाजात विचारलं, "आत काही होतं?"

तेव्हा, त्या एका प्रश्नाला, ते सगळं व्याख्यान मला शब्द न् शब्द आठवलं. आणि मी म्हटलं, "काही नाही, साहेब. नुसता मळ."

त्याने मान हलवली. "ठीक आहे," म्हणाला. "नसेलच कदाचित." वर आणि मला चहा करून दिला, तोही दूध घालून, मला आवडतो तसा.

पुढचे चार-पाच शुक्रवार मी जात राहिलो, चित्रं काढत राहिलो. निळं कार्ड निळंच राहिलं. मी मनातल्या मनात त्याला जास्तच शिव्या घालायला लागलो. एवढा जीव होता तर दस्ता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा होतास! सुताराच्या हातात दिलास कशाला? असा मी खोलीवर बडबडत असताना पार्टनरने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "ए मिस्त्री, तू नक्की चिडलायस कोणावर?" मग मी त्याला सांगून टाकलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "लॅबमध्ये माझ्या हातून बाटली फुटली तर मी लिहून देतो की फुटली. रिझल्ट नॉर्मल आला, असं लिहीत नाही. तू नॉर्मल लिहिलंयस." मला त्याचा असा राग आला की मी तसाच उठून बाहेर गेलो. पण त्याचं खोटं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी गेलो आणि चप्पल काढायच्या आधी दारातच सांगितलं. ओरखडे होते, साहेब. मी खरवडले. मळ म्हणालो ते खोटं होतं.

मला वाटलं, आता हा ओरडेल, वर्कशॉपच्या मालकाला फोन करेल, व्हिसा जाईल, यल्ला, घरी. त्याने फक्त खुर्ची ओढली. कोरा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "जे दिसलं ते काढ." त्याच्या तोंडावर काय होतं सांगू? आशा होती. मी त्याचं नुकसान सांगायला आलो होतो आणि त्याला मी साक्षीदार वाटत होतो. सगळं गेलं असं त्याला वाटत नव्हतं, कारण त्याच्या मते माझ्या डोळ्यांत ते शिल्लक होतं. नजर पक्की आहे ना माझी! फोटोवरून डावखुरा ओळखणारा मी!

मी पेन्सिल उचलली. डोळे मिटले. तीन-चार ओरखडे. मग हात चालू झाला, आणि तो न अडखळता चालला. पहिलं अक्षर, दुसरं, मग आडनावाची ती लांब शेपटी. बंदूकवाल्याची सही. माझ्या अंगावर काटा आला, म्हटलं आठवलं! खरंच आठवलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला आज मला लाज वाटत नाही. मी कागद त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, "हेच, साहेब. आईला फोन करा."

त्याने कागद बघितला. बराच वेळ बघितला. मग उठून कपाटाचा एक खण उघडला, एका पांढऱ्या कार्डाबरोबरचा नळीवरच्या सहीचा फोटो बाहेर काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला. मागच्याच महिन्यात मी त्या फोटोवरून चित्र काढलं होतं. पहिल्या अक्षराचा पाय मधेच तुटलेला. माझ्या कागदावरही पहिल्या अक्षराचा पाय तिथेच तुटलेला.

"ही मोड गंजाची आहे," तो म्हणाला. "नळीवर तेवढ्या जागी लोखंड गंजून गेलंय. लाकडाला गंज चढत नाही."

मी कागद उचलून फोटोला लावून बघितला.

"तू ओरखडे पाहिलेस. ते सरळ होते की वळलेले?"

"माहीत नाही."

"तीन की चार?"

"माहीत नाही, साहेब." आणि खरोखरच माहीत नव्हतं. माझ्यासमोर होते, बोटभर अंतरावर, भर उजेडात. मी बघितलेच नव्हते. मी मळ बघत होतो, आणि गोऱ्याला काय काय दाखवायचं ते बघत होतो. बापाच्या नावाने छाती फुगवून बसलेला मी, त्या कार्डवाल्याइतकंही मला बघता येत नव्हतं. इतका तुच्छ मी मला तोपर्यंत कधी वाटलो नव्हतो.

माझा कागद त्याने ठेवून घेतला असता तर? छापला असता तर? कोण विचारणार होतं जनाबियात येऊन? त्याला हवं होतं ते त्याच्या हातात आयतं होतं, काढणाऱ्याने अल्लाची शपथही घेतली असती. त्याने कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. मग निळं कार्ड घेतलं आणि त्यावर एक ओळ लिहिली: पन्हळ साफ केलेली, खुणा असल्यास नष्ट, ठरवता येत नाही. कोणी साफ केली ते लिहिलं नाही.

नंतर घड्याळ बघितलं. आमची दुपार म्हणजे तिकडची सकाळ. त्याने फोन लावला. मी जायला उठलो तर हाताने बस म्हणाला. म्हातारीला ऐकू कमी येत असावं, कारण हा ओरडून बोलायला लागला. एरवी इतका हळू बोलणारा माणूस.

"नाही, आई! सांगता येत नाही! ... सांगता येत नाही! ... नाही, आता कधीच नाही!"

मग बराच वेळ तो ऐकत राहिला.

"कोणी काही केलं नाही, आई! जुना होता! मळ होता!"

परत ऐकलं. डोळे पुसले की घाम पुसला, ते मी बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं.

"हो! जोडला! सुंदर दिसतोय! तू पाहिला नसशील एवढा सुंदर दिसतोय!" मग त्याने रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. म्हणाला, "ज्याने दस्ता नीट केला त्याचे तिला आभार मानायचेत."

मी मान हलवत राहिलो, नको नको. त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडून पातळ, थरथरता आवाज आला, थँक यू, थँक यू, आणि पुढे आणखी काहीतरी, त्यातलं मला एवढंच कळलं की तिच्या बापाचा दस्ता सांभाळल्याबद्दल देव माझं भलं करो. मग ती थांबली. माझ्या उत्तराची वाट बघत असणार. मी म्हटलं, वेलकम, मॅडम. तिला ऐकू गेलं नाही. ती म्हणाली, काय? मग मला ते ओरडून सांगावं लागलं.